लूव्र दाखवलं, पण फ्रेंच कुणी बोललंच नाही

प्रश्न नाशिकच्या एका शिक्षिकेचा आहे. त्या आठवी ते दहावीला फ्रेंच शिकवतात. वर्गात ४४ मुलं, एक प्रोजेक्टर, ३५ मिनिटांचा तास. त्यांनी मोठ्या हौसेने लूव्र संग्रहालयाची व्हर्च्युअल टूर दाखवली. पहिली पाच मिनिटं मुलं डोळे विस्फारून बघत होती, मग मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली, आणि घंटा झाली तरी कुणाच्या तोंडून एक फ्रेंच वाक्य निघालं नव्हतं. त्या विचारतात, टूर चुकीची निवडली की वापरायची रीत चुकली? आणि इंटरनेटवर एवढा पसारा आहे, त्यातलं नेमकं काय घ्यायचं? पैसे भरून एखादं सभासदत्व घ्यावं का?

दोन्ही चुकलं. पण मनाला लावून घेऊ नका. पुण्यात २२ वर्षं फ्रेंच शिकवतेय, माझी सुरुवातही अशीच झाली. मी व्हर्सायचा राजवाडा दाखवला होता. आरशांच्या दालनात पोचलो, मी भारावून बोलतेय, आणि तिसऱ्या बाकावरून शुद्ध मराठीत प्रश्न आला, "मॅम, इथे लग्नाला हॉल मिळतो का?" वर्ग हसला, मीही हसले. घरी जाताना लक्षात आलं की तासभरातलं सगळ्यात जिवंत वाक्य तेच होतं. फक्त ते फ्रेंचमध्ये आलं असतं तर माझं काम झालं असतं.

आठवीतल्या मुलाकडे शब्द किती असतात? 'इल इ आ', म्हणजे आहे किंवा आहेत. 'आ गोश', डावीकडे. 'आ द्र्वात', उजवीकडे. लहान-मोठं, काही रंग, आकडे, वार. एवढ्या शिदोरीवर मोनालिसाबद्दल काय बोलणार? एखाद्या साध्या रस्त्याबद्दल मात्र भरपूर बोलता येतं. त्यामुळे संग्रहालय नंतर, आधी रस्ता. दुसरी अडचण अशी की पडद्यावर सगळ्यांना एकच चित्र दिसत असतं. तुम्हाला दिसतंय ते मलाही दिसतंय, मग मी तुम्हाला सांगू काय? एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती वर्गात मुद्दाम तयार करावी लागते. टूर कितीही सुंदर असली तरी ते काम ती करत नाही.

मी काय करते ते एका धड्यावरून सांगते. तो दरवर्षी घेते आणि अजून फसलेला नाही.

आल्प्सच्या पायथ्याशी शाँबेरी नावाचं गाव आहे. गूगल मॅप्सवर तिथला 'फोंतेन दे झेलेफाँ', म्हणजे हत्तींचा कारंजा शोधा आणि स्ट्रीट व्ह्यूमध्ये (रस्त्याचे फोटो चारी बाजूंनी फिरवून बघायची सोय) त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहा. अर्धा वर्ग पडद्याकडे तोंड करून, अर्धा पाठमोरा. पाठमोऱ्यांच्या हातात वही-पेन्सिल. बघणाऱ्याने फ्रेंचमध्ये सांगायचं, पाठमोऱ्याने काढायचं. पाठमोरा प्रश्न विचारू शकतो, पण तेही फ्रेंचमध्येच. किती हत्ती? चार. वर काय आहे? एक खांब. खांबावर? एक माणूस. पाणी कुठून येतं? सोंड या शब्दाला फ्रेंचमध्ये 'त्राँप' म्हणतात हे मी आधी सांगत नाही. अडले की हात वर करून विचारतात, आणि असा गरजेपोटी मागितलेला शब्द दहावीपर्यंत विसरत नाहीत.

दहा मिनिटांनी पाठमोऱ्यांना वळायला सांगते. गोंधळ ठरलेला, कारण सगळ्यांनी अख्खे हत्ती काढलेले असतात आणि कारंज्यातले हत्ती अर्धेच आहेत. डोकं, सोंड, पुढचे पाय, बस्स. मागचा भाग खांबातच संपतो. गावकऱ्यांनी त्यांना ठेवलेलं नाव आहे 'ले कात्र साँ क्यू', मराठीत म्हणायचं तर चार बिनबुडाचे. मूळ शब्द थोडा गावरान आहे, आठवीला सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या वर्गात मी नाही सांगितला तरी पुढच्या तासाला कुणीतरी शोधून आणतंच.

मग विचारायचं, "की एस?" खांबावरचा माणूस कोण? आणि खाली फ्रान्सच्या गावात हत्ती कशाला? हे बेन्वा द ब्वान्य. जन्म १७५१, शाँबेरीचाच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत डी बॉईन म्हणून येतो तोच, महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा. हिंदुस्थानात अमाप पैसा कमावून तो गावी परतला, पुष्कळसा गावाला दिला, १८३० मध्ये वारला आणि १८३८ मध्ये गावाने हा कारंजा उभारला. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता होते ती अनुभवण्यासारखी असते. पुण्यातल्या मुलांना वानवडीची शिंदे छत्री, म्हणजे महादजींचं स्मारक, ठाऊक असते, काहींचं घरच तिथे असतं. महादजी १७९४ मध्ये वानवडीला वारले, आणि त्यांचा सेनापती आल्प्सच्या पायथ्याशी चार अर्ध्या हत्तींवर उभा आहे. गृहपाठ असा: पाच वाक्यं शाँबेरीत काय आहे, पाच वाक्यं शिंदे छत्रीत काय आहे. नाशिकच्या मुलांनी छत्री पाहिली नसेल तर फोटो द्या. (चौकस मुलासाठी एक जादा गोष्ट: ब्वान्य जन्मला तेव्हा शाँबेरी फ्रान्समध्ये नव्हतंच. साव्वाचा हा प्रांत फ्रान्सला कायमचा जोडला गेला १८६० मध्ये.)

दुसऱ्या तासाला त्याच ठिकाणी परत जायचं. कारंज्यापासून कमानींचा एक रस्ता निघतो, त्याचं नावच 'र्यू द ब्वान्य', म्हणजे ब्वान्यचा रस्ता. तो गावच्या जुन्या किल्ल्यापर्यंत जातो. एका मुलाला माऊसवर बसवा. नियम एकच, त्याला मराठी, हिंदी, इंग्रजी काही कळत नाही. वर्गाने त्याला फ्रेंचमध्ये वाट सांगत किल्ल्यापर्यंत न्यायचं. 'तू द्र्वा' म्हणजे सरळ आणि 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे, यातला शेवटचा 'त' गिळला की माऊसवाला भलतीकडे जातो आणि सगळा वर्ग ओरडतो. उच्चारातला हा फरक मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दाखवत होते. भिंतीवर जाऊन आदळल्याशिवाय तो कुणाला पटत नव्हता.

फ्रेंच शब्द मी इथे देवनागरीत लिहितेय ती आपल्या दोघींच्या सोयीसाठी. वर्गात हे पाप करू देऊ नका. 'र्यू' मधला तो स्वर देवनागरीत बसत नाही. ओठ उ म्हणताना करतो तसे आणि जीभ इ म्हणताना ठेवतो तशी, हे तोंडानेच शिकवावं लागतं. मुलाने एकदा वहीत 'र्यू' लिहिलं की तो जन्मभर 'र्यू' म्हणतो.

रस्त्यावर हिंडताना पाट्या गोळा करायची सवय लावा. औषधाच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस, तंबाखूच्या दुकानावरचा लांबट लाल चौकोन (त्याला फ्रेंच लोक 'कारोत', म्हणजे गाजर म्हणतात), पोस्टाचा पिवळा रंग. आणि जुन्या भिंतींवर रंगवलेली एक ओळ, 'देफाँस दाफिशे', खाली २९ जुलै १८८१ चा कायदा. जाहिराती लावू नयेत, एवढाच अर्थ. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायद्याची तारीख भिंतीवर वाचताना मुलांना तारखा, महिने आणि मोठे आकडे आपोआप घोकता येतात. आपल्याकडच्या 'येथे जाहिरात लावू नये' वरच लावलेल्या जाहिराती त्यांना लगेच आठवतात, हा भाग वेगळा.

भूतकाळ शिकवायचा असेल तर संगणकावर स्ट्रीट व्ह्यूमध्ये जुन्या तारखा निवडण्याची सोय आहे, ती फार कमी शिक्षक वापरतात. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठावरून नोत्र-दाम चर्च बघा. १५ एप्रिल २०१९ च्या आगीआधीची तारीख निवडली की छपरावरचा टोकदार मनोरा दिसतो, आगीनंतरची निवडली की तो गायब आणि क्रेन उभ्या. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं, मनोराही परत आला. 'पूर्वी होता' आणि 'तेव्हा पडला' या दोन वाक्यांना फ्रेंचमध्ये दोन वेगळे भूतकाळ लागतात, 'अँपार्फे' आणि 'पासे काँपोझे'. दहावीच्या मुलांना इथे सगळ्यात जास्त अडतं. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की व्याकरणाचं अर्धं भाषण वाचतं. फ्रान्सच्या नकाशा-संस्थेचं, म्हणजे आय.जी.एन.चं 'रमोंते ल ताँ' हे संकेतस्थळही त्यासाठीच आहे. एखाद्या गावाची जुनी हवाई छायाचित्रं आणि आजची, शेजारी-शेजारी.

'प्रसिद्ध स्थळाची टूर' दाखवायचीच असेल तर माझं मत लास्कोच्या गुहेला, आदिमानवाने भिंतींवर चित्रं काढलेल्या. कारण सांगते. ही गुहा १२ सप्टेंबर १९४० ला चार मुलांना सापडली, तुमच्या दहावीच्या मुलांपेक्षा फार मोठी नव्हती ती. १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली, आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागली म्हणून १९६३ मध्ये कायमची बंद केली. आज फ्रेंच माणूसही प्रतिकृतीच बघतो. म्हणजे फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून गुहेत शिरताना नाशिकचं मूल आणि पॅरिसचं मूल एकाच रांगेत असतं. बाकीच्या टुरींमध्ये 'आपण गरीब, म्हणून पडद्यावर बघतोय' असा एक सूर असतो, तो इथे नसतो. भाषाही सोपी आहे: बैल, घोडा, हरीण, लाल, काळा, पिवळा, किती, कुठे. एकेक बैल तर पाच मीटरहून लांब आहे. वर्गाच्या भिंतीवर टेपने मोजून दाखवा.

आणि लूव्र? दहावीला, आणि तेही टूर नाही. लूव्रने २०२१ मध्ये आपला संग्रह ऑनलाईन खुला केला, पावणेपाच लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत आणि नोंदी फ्रेंचमध्ये आहेत. मुलांना एकच शब्द शोधायला सांगा, 'शा', मांजर. इजिप्तच्या मांजरी निघतात. प्रत्येकाने एक मांजर निवडायची आणि तिचं ओळखपत्र भरायचं: कशाची, कोणत्या काळातली, उंची किती. ४४ मुलांच्या ४४ मांजरी, म्हणजे प्रत्येकाकडे दुसऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी आहे.

सहलीचं नियोजनही छान चालतं, पण त्यात एखादा सापळा ठेवा. रविवार ते मंगळवार असे तीन दिवस पॅरिसमध्ये द्या आणि लूव्र व ओर्से ही दोन्ही संग्रहालयं बघायला सांगा. ओर्से सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी. हे मी सांगत नाही, संग्रहालयांच्या पानांवर वाचून त्यांना कळलं पाहिजे. मग पॅरिसहून शाँबेरीला रेल्वेने जायचं. गाडी सुटते 'गार द ल्याँ'वरून, आणि निम्मी मुलं आधी ल्याँ शहरात जाऊन पोचतात. हे स्टेशन पॅरिसमध्येच आहे! एस.एन.सी.एफ.च्या, म्हणजे फ्रेंच रेल्वेच्या पानावर वेळा चोवीस तासांच्या असतात, तिकिटांचे दर युरोत. ७९ युरो म्हणताना 'साठ-एकोणीस' म्हणावं लागतं याची मुलं टर उडवतात. उडवू द्या, आणि मग त्यांनाच एकोणऐंशी फोड करून सांगायला सांगा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' असे सुटसुटीत शब्द आहेत हे कळलं की सगळ्यांना ब्रुसेल्सला जायचं असतं.

आता ऐकण्याची साधनं. टीव्ही-५ मोंद या फ्रेंच वाहिनीचं फ्रेंच शिकण्याचं संकेतस्थळ फुकट आहे, ए-१ (अगदी सुरुवातीची) पासून बी-२ (बरीच वरची) पर्यंत पातळ्या लावलेल्या आहेत, स्वाध्याय स्वतः तपासता येतात. तुमच्या वर्गासाठी एवढं एकच नीट वापरलं तरी वर्ष निघेल. आर.एफ.आय. या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र रोज येतं, सोबत लिखित मजकूर. नावात 'सोपं' आहे म्हणून फसू नका. आठवीला ते झेपणार नाही. दहावीला पहिलं एक मिनिट, आणि ऐकायचं फक्त देशांची नावं. ल्युम्नी या फ्रेंच शालेय संकेतस्थळावरचे 'अँ जुर, यून केस्त्याँ' हे छोटे अ‍ॅनिमेशनपट बघायला गोड, पण ते फ्रेंच मुलांसाठी आहेत आणि फ्रेंच मुलांच्याच वेगाने बोलतात. मी एकदा सातवीला लावले होते, वर्ग चित्रं बघून खूश आणि मी प्रश्न विचारल्यावर सन्नाटा. एकेका शब्दाचा उच्चार फोर्वो या उच्चारांच्या संकेतस्थळावर ऐकावा. स्वयंपाकाच्या पानांपैकी मार्मितों चांगलं. थोडं पीठ, थोडं दूध यातलं ते 'थोडं' फ्रेंचमध्ये 'द्यू, द ला, दे' होतं, आणि ते शिकवायला पाककृतीसारखं दुसरं साधन मला सापडलेलं नाही.

तांत्रिक बाबतीत माझा सल्ला म्हातारीचा वाटेल. तासाला जाण्याआधी घरून प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. शाळेचं नेट जाणारच, आणि नेमकं हत्ती दिसत असतानाच जाणार. ब्राउझरचं आपोआप भाषांतर बंद करा, नाहीतर मुलं आनंदाने इंग्रजी वाचतात आणि तुम्हाला शेवटच्या बाकावरून कळतही नाही. टूरची भाषा फ्रेंच निवडलीय ना ते बघा, भारतातून उघडलं की बरीच पानं स्वतःहून इंग्रजीत जातात. आणि पान उघडताच येणारी ती कुकीजची चौकट झटकन बंद करू नका. 'सगळं स्वीकारा', 'न स्वीकारता पुढे चला', 'नकार द्या', पूर्ण वर्गाने मिळून ठरवायचं कुठे टिचकी मारायची. फ्रान्समध्ये गेल्यावर वाचावं लागणारं पहिलं फ्रेंच कदाचित तेच असेल.

गृहपाठ भाषांतराच्या अ‍ॅपमधून येईल, याला इलाज नाही. मी लेखी गृहपाठ कमी केला आणि तीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण मागू लागले. अ‍ॅपने लिहून दिलेलं वाचायलाही तोंड वापरावंच लागतं.

पालक विचारतील, याला मार्क किती? रास्त प्रश्न आहे, बहुतेक मुलं फ्रेंच घेतातच मार्कांसाठी. त्यांना डेल्फचा, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अधिकृत फ्रेंच परीक्षेचा आराखडा दाखवा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि एकाही भागात ५ च्या खाली जाऊन चालत नाही. ए-१ च्या तोंडी परीक्षेत चिठ्ठ्यांवरचे शब्द उचलून परीक्षकाला प्रश्न विचारायचे असतात. पाठमोरं बसलेलं मूल कारंज्याबद्दल प्रश्न विचारतं तेव्हा हीच तयारी चालू असते. नमुना प्रश्नपत्रिका फ्रान्स एद्युकास्यों अँतेर्नास्योनालच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

सत्राच्या शेवटी टूर उलटी फिरवा. भारतात स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये आलं, आणि पहिल्या दहा शहरांत तुमचं नाशिक होतं. आता माऊस तुमच्या हातात, तुम्ही ल्याँहून आलेली पाहुणी, मराठीचा गंध नाही. मुलांनी तुम्हाला गंगापूर रोडवरून फ्रेंचमध्ये हिंडवायचं. मिसळ कशी समजावतात ते ऐका. माझ्या एका विद्यार्थ्याने 'तिखट सूप, त्यात चिवडा, वर कांदा, रडू येतं पण छान' असं चार तुटक वाक्यांत सांगितलं होतं, आणि एकाही शब्दासाठी तो इंग्रजीकडे वळला नाही.

शेवटचं, तुम्ही पैसे भरून सभासदत्व घेण्याबद्दल विचारलंय. मुलांसाठी गरज नाही, वरचं जवळजवळ सगळं फुकट आहे. तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी मात्र आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच भाषा-संस्थेचं सभासदत्व घ्या. त्यावर क्युल्त्युरतेक हे डिजिटल ग्रंथालय उघडतं, मासिकं, चित्रकथा, पुस्तकं. चित्रकथा तर नक्की बघा, पाठमोऱ्यांच्या खेळासाठी एकेक चौकट तयारच मिळते. सोमवारी मात्र हत्तींपासूनच सुरुवात करा, आणि पेन्सिली जास्तीच्या घेऊन जा.